तरण्या पावसातला मधुचंद्र

आपल्याकडे लग्नाची तारीख पंचांग ठरवते आणि मधुचंद्राची जागा हवामान. या दोघांचे आपसात बोलणे नसते. एरवी त्याने फारसे बिघडत नाही. मार्गशीर्षात लग्न झाले तर कुठेही जा, थंडी गोडच असते. वैशाखात झाले तर एखादा डोंगर गाठावा. पंचाईत होते ती अधूनमधून येणाऱ्या एखाद्या वर्षी. २०२४ हे तसले वर्ष होते. एप्रिलच्या अखेरीस शुक्राचा अस्त झाला, मे महिन्यात गुरूही मावळला आणि लग्नसराईचा ऐन मोसम कोरडा गेला. काही पंचांगकर्त्यांनी अडीनडीला म्हणून मुहूर्त दिले होते, पण नवरीच्या आजीला अडीनडीचा मुहूर्त चालणार नव्हता. शुक्र उगवला जुलैच्या पहिल्या आठवड्यात आणि आषाढी एकादशी होती १७ जुलैला. एकादशीला देव झोपले की चातुर्मास सुरू. म्हणजे सगळ्या महाराष्ट्राने जी काही लग्ने उरकायची ती या दहा-बारा दिवसांत. मुंबईत १२ जुलैला अंबानींच्या धाकट्या चिरंजीवांचे लग्न झाले आणि त्याच्या आदल्या दिवशी ठाण्यातल्या एका हॉलमध्ये माझ्या पुतण्याचे. पाऊस दोन्ही मांडवांना सारखाच.

हा योग फार दुर्मीळ आहे असेही नाही. २०२६ च्या पंचांगात ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, आणि आषाढी एकादशी थेट २५ जुलैला. अशा वर्षी लग्नाचे मुहूर्त आपोआप छत्रीखाली जातात.

शेतकऱ्याच्या भाषेत पाच-सहा जुलैपासून पुढचे पंधरा दिवस पुनर्वसू नक्षत्राचे. या पावसाला आपल्याकडे ‘तरणा’ म्हणतात आणि त्यानंतरच्या पुष्याला ‘म्हातारा’. पुढे मघा लागते तो सासूचा पाऊस आणि पूर्वा म्हणजे सुनांचा. ही नावे ठेवणाऱ्याला संसाराची चांगली माहिती असली पाहिजे. मधुचंद्राला तरणा पाऊस मिळावा ही तशी भाग्याची गोष्ट. पण ते भाग्य घ्यायला जायचे कुठे?

हा प्रश्न माझ्याकडे आला, कारण बँकेच्या नोकरीत मी सात-आठ जिल्ह्यांचे पाणी प्यालो आहे आणि घरात मला चालतेबोलते टाइमटेबल समजतात. पुतण्याने आधी तारकर्ली ठरवली होती. मग कोणीतरी मनालीचे नाव काढले. मग बाली बेटाचे; ते लग्नाच्या खर्चाचा आणि घराच्या हप्त्याचा हिशेब मांडल्यावर आपोआप मागे पडले. होणारी सूनबाई त्या दिवशी प्रथमच आमच्या घरी आली होती. दोघांचे लग्न विवाहमंडळाच्या वेबसाइटवरून जमलेले. भेटी पाच-सहा, त्यातल्या तीन उपाहारगृहात. बराच वेळ ती गप्प होती. शेवटी म्हणाली, “काका, जागा कुठलीही सांगा. पण चार दिवस पाऊस थांबलाच नाही, तर आम्ही दोघांनी खोलीत बसून करायचं काय?”

पुतण्या लाजला. माझी बायको स्वयंपाकघरातून हसली. पण तिने विचारले होते ते अगदी खरे होते. नव्याने ओळख झालेल्या दोन माणसांना मधुचंद्राला निसर्ग लागतो तो मुख्यतः बोलायला विषय हवा म्हणून. सूर्यास्त, समुद्र, घोडेवाला, भेळ हे सगळे तिसऱ्या माणसासारखे मदतीला येतात. पावसाळ्यात हे तिसरे माणूस रजेवर असते.

आमच्या पूर्वजांनी तर पावसात प्रवास ही कल्पनाच मोडीत काढली होती. सैन्ये छावणीला जात, व्यापारी घरी परतत, बौद्ध भिक्षू वर्षावासासाठी एका जागी राहत. ‘मेघदूता’तला यक्ष काय, तोही कामात कुचराई केली म्हणून वर्षभरासाठी रामगिरीला धाडलेला. आम्ही बँकवाले त्याला शिक्षेची बदली म्हणतो. आषाढात ढग बघून त्याला बायको आठवते आणि शाप संपायला अजून चार महिने असतात. विष्णू जागा होईल तेव्हा, म्हणजे चातुर्मास संपल्यावर, त्याची सुटका. आषाढातला ढग आपल्या वाङ्मयात विरहाचा. आजही पुष्कळ घरांत नव्या नवरीला आषाढात माहेरी नेतात. तेव्हा आषाढात मधुचंद्र म्हणजे कालिदासाच्याच विरुद्ध जाणे.

गोऱ्या साहेबाने मात्र हे गणित रोखठोक सोडवले होते. मुंबई इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला असे, हिवाळ्यात मुंबईला आणि जूनपासून पावसाळाभर पुण्याला. पुणे विद्यापीठाची गणेशखिंडीतली मुख्य इमारत हा गव्हर्नरचा पावसाळी बंगलाच. साहेबाला पावसाळ्यातली हिरवाई हवी होती, पण भिजायचे नव्हते. तो सह्याद्रीच्या पूर्वेला जाऊन बसला.

मी पुतण्याला कागदावर सह्याद्रीची एक उभी रेघ काढून दाखवली. समुद्रावरून येणारे वारे या भिंतीवर चढतात, वर जाताना थंड होतात आणि ओझे तिथेच टाकतात. भिंत ओलांडून उतरताना त्यांच्याकडे फारसे काही उरत नाही. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, वीस किलोमीटरही नसलेल्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा, आणि पसरणीचा घाट उतरून वाईला आलात की सातशेच्या घरात. एका एस.टी.च्या तिकिटात तीन हवामाने. मिलिमीटर ही मोठी फसवी गोष्ट आहे. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे सतरंजीएवढ्या जागेवर दोनशे लिटरची तीन पिंपे. त्याच वेळी खाली चिपळूण बुडाले आणि महाडजवळ तळिये गावावर डोंगर आला.

तेव्हा सूत्र साधे: मुक्काम भिंतीच्या पूर्वेला करावा आणि पाऊस पाहायला, आकाश बरे असेल त्या दिवशी, पश्चिमेला जावे. लोक बरोबर उलटे करतात. पावसाच्या पोटात खोली घेतात आणि उघडीप शोधत हिंडतात.

बाकीच्या जागा आम्ही एकेक करून निकालात काढल्या. मनाली, नैनिताल या बाजूला जुलै-ऑगस्टमध्ये नव्या जोडप्याने जाऊच नये असे माझे स्पष्ट मत आहे. जून २०१३ चे केदारनाथ आणि जुलै २०२३ ची बियास नदी ज्यांनी दूरदर्शनच्या पडद्यावर पाहिली त्यांना कारण सांगायला नको. लडाख हिमालयाच्या पलीकडे, पर्जन्यछायेत. पावसाळ्यात जायला योग्य, पण साडेतीन हजार मीटरवर विमानातून उतरल्यावर पहिले दोन दिवस अंथरुणात काढावे लागतात आणि सूनबाईची रजा मोजून आठ दिवसांची. राजस्थानात उदयपूरला महाराणा सज्जनसिंहांनी केवळ ढग बघता यावेत म्हणून डोंगरमाथ्यावर सज्जनगड बांधला; तिथे पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, येतो तेव्हा त्याचे कौतुक होते. मांडूचे नाव माझ्या बायकोने काढले. दोन तलावांमधला जहाजमहाल पावसाळ्यातच जहाजासारखा दिसतो. जहांगीर बादशहा १६१७ चा पावसाळा तिथे राहिला आणि आठवणींत त्याने त्या हवेची तोंडभरून स्तुती केली आहे. पण बाजबहादूर-रूपमतीची कथा तिला पूर्ण आठवल्यावर तिने स्वतःच नाव मागे घेतले. विष प्यालेल्या राणीच्या गावाला मधुचंद्र नको, म्हणाली.

गोव्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण पावसाळ्यातला स्वस्त गोवा हे मोठे आमिष असते. किनाऱ्यावरचे शॅक जूनमध्ये उतरवलेले असतात. समुद्रात उतरायला बंदी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, म्हणजे ताटातला मासा बर्फातला, खाडीतला नाहीतर परगावचा. हे माहीत असून गेलात तर गोवा याच दिवसांत सुंदर दिसतो. पणजीतले फोंताइन्हास भिजल्यावर पाहावे. जूनच्या चोवीस तारखेला सांजांव असतो. नव्या जावयाला सासुरवाडीला बोलावतात आणि गावातले पुरुष डोक्यावर फुलापानांचे मुकुट घालून विहिरीत उड्या मारतात. नव्या जोडप्याचा पावसाळा साजरा करणारा इतका मोकळा सण आपल्या मुलखात दुसरा नाही. पण जुलैच्या मध्याला तोही होऊन गेलेला.

तारकर्लीचा निकाल निसर्गानेच लावला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या पावसाळ्यात बंदच असतात, हे मी आधीच सांगितले होते. तरी पुतण्याचे मन तिथे होते. १४ जुलैच्या संध्याकाळी, घरी सत्यनारायणाचा प्रसाद वाटून झाला असताना, खेडजवळ दिवाणखवटीला दरड कोसळून कोकण रेल्वे थांबल्याची बातमी आली. वहिनींनी माझ्याकडे पाहून हात जोडले.

वाईला खोली मिळवून द्यायचे काम माझेच होते. इथे माझी नोकरी उपयोगी पडली. सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत असताना थंड हवेच्या गावातल्या हॉटेलवाल्यांची कर्जखाती माझ्याकडे होती. त्यांचे हप्ते आम्ही बाराही महिन्यांचे सारखे ठेवत नसू. एप्रिल-मे आणि दिवाळी-नाताळ हे भरतीचे, जून ते सप्टेंबर नावापुरते. त्या चार महिन्यांत हॉटेल म्हणजे काय हे मी पाहणीच्या निमित्ताने आतून पाहिले आहे. आचारी गावी शेतीला गेलेला असतो. वीस खोल्यांपैकी चार उघड्या, बाकीच्यांतल्या गाद्या एकावर एक रचून ठेवलेल्या. भिंतींना बाहेरून गवताच्या नाहीतर प्लॅस्टिकच्या झडी बांधलेल्या, त्यामुळे खिडकी उघडली तर समोर झडी. भाडे निम्मे का, याचे उत्तर त्या गाद्यांच्या वासात असते. मालक लबाड असतो असे नाही. मेहनतीने उभा केलेला धंदा चार महिने तो नुसता वाळत ठेवतो, आणि जो येईल त्याच्याकडून विजेचे बिल तरी निघावे एवढीच त्याची अपेक्षा असते.

म्हणून पावसाळ्यात खोली ठरवताना फोटो पाहू नयेत, फोन करावा आणि म्हाताऱ्या माणसासारखे प्रश्न विचारावेत. स्वयंपाकघर चालू आहे का, की जेवण बाहेरून येते? गरम पाणी गिझरचे की सोलरचे? सोलर असेल तर आषाढात आंघोळ विसरावी. वीज गेली तर जनरेटर किती तास चालतो? खोलीपासून जेवणघरापर्यंत छप्पर आहे का? ओले कपडे वाळत कुठे घालायचे? या शेवटच्या प्रश्नावर जो मालक हसतो त्याच्याकडे जाऊ नये. जो म्हणतो, “साहेब, मागं पडवी आहे, दोरी बांधून देतो,” त्याच्याकडे जावे. आम्हाला असाच एक सापडला. मी त्याला चार दिवसांचे पैसे आगाऊ द्यायला निघालो, तर म्हणाला, “दोनाचे द्या. रस्ता बंद झाला तर कुणाचे पैसे कुणाकडं अडकायला नकोत.” बँकेत इतकी वर्षे काढली, पण जोखमीची इतकी सरळ वाटणी कमी वेळा पाहिली.

सामानाची यादी बायकोने केली. जीन्स नको, भिजली की दोन दिवस वाळत नाही. चामड्याची चप्पल नको. छत्री घाटमाथ्यावर उलटी होते, म्हणून रेनकोट. जुनी वर्तमानपत्रे, बुटांत कोंबायला. रोख पैसे, कारण वीज जाते तसा मोबाइलचा टॉवरही जातो. आणि पत्त्यांचा जोड. त्यावर सूनबाईने आपली बुद्धिबळाची छोटी पेटीही बॅगेत टाकली. तिला बुद्धिबळ येते हे पुतण्याला त्या दिवशी कळले.

आता गंभीर गोष्ट. लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी, ३० जूनला, लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसे वाहून गेली. त्यांत मुले होती. तो व्हिडिओ घरोघरी पाहिला गेला. मधोमध एका खडकावर एकमेकांना धरून उभी असलेली माणसे, दोन्ही बाजूंना पाणी, आणि काठावरून बघणारे लोक. त्यानंतर पुणे जिल्ह्यात अशा ठिकाणी बंदीचे आदेश निघाले. वहिनींचे म्हणणे होते की जाऊच नका, दसऱ्यानंतर जा. पुतण्याचे म्हणणे, आपण काय लहान आहोत?

वयाचा इथे संबंध नसतो. डोंगरातला ओढा तुमच्या डोक्यावर पडणाऱ्या पावसाने फुगत नाही. दोन-तीन किलोमीटर वर, तुम्हाला न दिसणाऱ्या पठारावर सर कोसळते आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येते. आधी पाणी गढूळ होते, काटक्या-पाला वाहून येऊ लागतो, आवाज बदलतो. एवढीच पूर्वसूचना. घोट्याएवढे पाणी गुडघ्याला आले की पाय टिकत नाही. म्हणून हवामान खात्याचा इशारा ज्या गावी राहतो तिथला बघून भागत नाही, घाटमाथ्याचा बघावा लागतो. चोवीस तासांत ११५ मिलिमीटरच्या वर म्हणजे अति जोरदार, २०४ च्या वर म्हणजे अत्यंत जोरदार. नारंगी आणि लाल या रंगांचा अर्थ साधारण असा. मी त्याला एवढेच बजावले: नारंगी दिसला की पसरणी चढायची नाही, आणि पाण्यात कोणत्याही रंगाला उतरायचे नाही. वहिनी तयार झाल्या त्या ‘वाईला मेणवली आहे, ढोल्या गणपती आहे’ या दोन नावांवर.

पंधरा तारखेला दोघे गेली. पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी कळले. निम्मे बायकोला आलेल्या फोनवरून, निम्मे नंतर. पहिल्या दिवशी वाईला भुरभुर होती. मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा घाट आहे, तिथे वसईच्या स्वारीनंतर आणलेली पोर्तुगिजांची चर्चची घंटा टांगलेली आहे. तिथे दोघे तासभर पायऱ्यांवर, वरच्या बाजूला, छत्रीत बसली. दुसऱ्या दिवशी आकाश बरे होते. महाबळेश्वरला जाऊन आली. एकाही पॉइंटवर दहा फुटांपलीकडचे काही दिसले नाही. पुतण्या हिरमुसला आणि सूनबाईला धुकेच फार आवडले, असे दोघांनी दोन वेगळ्या फोनवर सांगितले. येताना पाचगणीला भाजलेले कणीस खाल्ले. तिसऱ्या दिवशी आषाढी. हॉटेलमालकाच्या बायकोने दोघांना विचारलेही नाही, सरळ साबुदाण्याची खिचडी आणि रताळ्याचा कीस पाठवला.

चौथ्या दिवशी भांडण झाले. घाटमाथ्याला नारंगी इशारा होता. पण वाईत ऊन पडले होते, आणि पुतण्याच्या मित्राने कुठल्याशा धबधब्याचा व्हिडिओ पाठवला होता. त्याचे म्हणणे, नुसते लांबून बघून येऊ. ती नाही म्हणाली. तो म्हणाला, काकांचं ऐकायला आपण इथे आलोय का? ती म्हणाली, काकांचं नाही, माझं ऐक. मग तो गाडीची किल्ली घेऊन पडवीत जाऊन बसला आणि ती खोलीत. दीड-दोन तास. दोरीवर दोघांचे कपडे वाळत होते, ते काढायलाही कोणी उठले नाही. दुपारी वाईतही सर आली, आणि एकाच वेळी दोघे कपड्यांकडे धावली.

धबधब्याला गेली नाहीत. संध्याकाळी मालक वरच्या रस्त्यावर झाड पडल्याचे सांगून गेला. त्यावर पुतण्या काही बोलला नाही. तिनेही ‘बघ’ म्हटले नाही. हे मला सूनबाईने सांगितले. माझ्या बायकोला ही गोष्ट फार मोलाची वाटली. ती म्हणाली, “अहो, आपण डिसेंबरात गेलो होतो. सकाळी पॉइंट, दुपारी पॉइंट, संध्याकाळी बाजार. शेजारच्या खोलीत तुमचे रीजनल मॅनेजर सहकुटुंब. भांडायला मोकळा दिवस मिळालाच नाही. आपलं पहिलं भांडण झालं ते इथे, सासूबाईंच्या समोर, दूध उतू गेल्यावर.” मला ते दूध आठवत नव्हते. तिला भांड्यासकट आठवत होते.

एकोणीस तारखेला, तरणा संपून म्हातारा लागता लागता, दोघे परत आली. त्यानंतर आठवड्याने पुण्यात मुठेचे पाणी सोसायट्यांत शिरले, आणि ३० जुलैला वायनाडला गावेच्या गावे दरडीखाली गेली. वहिनींनी त्या दिवशी मुद्दाम फोन केला, आणि विषय मात्र मंगळागौरीचा काढला. पहिल्या श्रावणातला पहिला मंगळवार सहा ऑगस्टला येत होता आणि सूनबाईला रजा मिळत नव्हती.

बुद्धिबळात चार दिवसांत अकरा डाव झाले, त्यांतले नऊ तिने जिंकले. पुतण्याने सोंगट्यांचा मोठा पट विकत आणला आहे. बॅगेतला रेनकोट मात्र महिनाभर तसाच घडी घालून राहिला होता, आणि त्याला धरलेली बुरशी काढायला काय वापरतात, हे विचारायला परवा त्याचा मला पुन्हा फोन आला होता. व्हिनेगर लावून उन्हात टाक, म्हटले. तो म्हणाला, “काका, ऊन कुठाय?”